झुंबरमावशीची फळी

॥ श्री ॥
व्यसनमुक्ती केंद्र, नगर
१४ जून २०२४

ती. सौ. पुष्पाताईस,
अंगदचा सा. न. वि. वि.

पत्र बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. मामाला पत्र लिही म्हटलं की चिंचेवर जाऊन बसणारा तुझा भाऊ आज आपणहून कागद मागून घेऊन लिहितोय. इथं पहिल्याच दिवशी मोबाईल काढून घेतात. पण परत मिळाला तरी मी तुला लिहिणारच आहे. फोनवर तुझ्याशी इतकं खोटं बोललोय की आता रिंग वाजली तरी तोंडात खोटंच येईल. कागदावर हात हळू चालतो, तेवढ्यात माणसाला लाज वाटायला वेळ मिळतो.

तब्येत बरी आहे, जेवण जातं. हात मात्र अजून थरथरतात, ते अक्षरावरून तुला कळलंच असेल. इथं एक सुतारकामाची शेड आहे. मी सुतारकाम केलंय म्हटल्यावर सरांनी तिथं बसवलं, पण करवत नाही दिली, पटाशी नाही दिली. पॉलिश पेपर दिला. दुसऱ्याने केलेले पाट दिवसभर घासत बसतो. सोनईपासून घोडेगावपर्यंत ज्याचे देव्हारे नेले त्याची ही गत. दाजींना सांगू नकोस, ते महिनाभर हसतील.

आता मूळ गोष्ट. झुंबरमावशीची बोरमाळ राजेश्वरीवहिनीने घेतली नव्हती. मी घेतली होती. विकली आणि प्यायलो. हातातलं पत्र खाली ठेवलं असशील तर पाणी पी आणि परत उचल.

मावशीचा देव्हारा मीच केलाय, त्यामुळे माळ कुठं असते ते मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी सगळे रानात होते. आपल्या वस्तीवर कुठल्याच घराला दार नाही, नुसती चौकट, त्यामुळे उघडायचंही काही नव्हतं. लहानपणी आपल्याला सांगायचे की वाईट मनाने कुणाची चौकट ओलांडली तर शनिदेव डोळे काढून घेतो. मी डोळे गच्च मिटून आत गेलो आणि डोळे मिटूनच बाहेर आलो. काहीच झालं नाही. देवाने सुद्धा मला सोडून दिलं असं वाटलं, आणि त्या निमित्ताने आणखी प्यायलो.

पुढचं तुला माहीत आहे. चोरी झाली असं कुणी म्हणालंच नाही, कारण आपल्याकडे चोरी होत नाही. मग माळ गेली कुठं, तर घरातल्याच कुणीतरी हलवली. घरातली म्हणजे सून. मावशीच्या गोरक्षने बायकोला कर्जतला माहेरी नेऊन सोडलं. ताई, त्या सकाळी मी त्यांच्या ओट्यावर होतो. तिची पिशवी गाडीला नीट बसेना तेव्हा सुतळी आणून मीच ती आवळून बांधली. वहिनी मला म्हणाली की भाऊजी, तुमच्याशिवाय इथं कुणी बोललं बी न्हाई माझ्याशी.

हे मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे. सर म्हणाले, आधी एका माणसाला सांग. तू ते माणूस.

माझ्यावरचा लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा राहू दे.

तुझा,
अंगद


॥ श्री ॥
कर्जत
२७ जून २०२४

चि. अंगद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. खरं तर आज शिव्याच द्यायच्या होत्या, पण रीत मोडवत नाही.

तुझं पाकीट पोस्टमनने नेमकं दाजींच्या हातात दिलं. त्यांना वाटलं कोर्टाची नोटीस आली. मी हिसकावून घेतलं आणि गोठ्यात जाऊन वाचलं. तिथंच खाली बसले. म्हशीने हुंगून पाहिलं मला, एवढा वेळ बसले होते.

अंगद, राजेश्वरी इथं स्टँडमागच्या गल्लीत शिवणकाम करते. बाजारात मला चारदा दिसली. चारही वेळा मी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पलीकडच्या बाजूने निघून आले. ते तिने बघितलं. आता मी तिच्यासमोर कुठलं तोंड घेऊन जाऊ, ते तूच सांग. तुझा असा राग आलाय की तू समोर असतास तर लहानपणीसारखा कान धरून फिरवला असता.

तरी माझं ऐक. जे झालं ते गाडून टाक. निकिताचं लग्न ठरत आलंय. मुलगा सुप्याला एमआयडीसीत आहे, घर चांगलं आहे, आणि ती माणसं बारीक चौकशी करणारी आहेत. मुलीचा मामा दारू प्यायचा हे मी कसंबसं पचवायला लावलंय. तो चोर आहे हे कुठल्या तोंडाने सांगू? तू बरा होऊन ये, कामाला लाग, तेवढंच पुष्कळ आहे. आईला फोनवर आडून आडून विचारलं, तर ती एकदम तोडून म्हणाली की दारूत मानसाला कायबी दिसतं, त्याचं मनावर घिऊ नको. माझंही तेच म्हणणं धर.

पाट घासतोस हे वाचून मात्र बरं वाटलं. आमच्या देवघरातला एक पाट तूच केलेला आहे, अजून डुगडुगत नाही. त्याच्यावर बसून रोज तुझ्यासाठी हात जोडते. जेवत जा. रात्रीची झोप लागते का ते कळव.

माया कमी झालेली नाही, फक्त रागाखाली गेली आहे. ती तुझीच आहे.

तुझी,
पुष्पाताई


॥ श्री ॥
वस्तीवरून
२२ सप्टेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
अंगदचा सा. न. वि. वि.

घरी येऊन बरेच दिवस झाले. पत्र लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही होईना. तुझं ऐकावं असं मनात होतं, खरंच होतं. पण समोरच मावशीचं घर दिसतं ना ताई. चौकटीतून सरळ देव्हारा दिसतो. माझ्या हातचा. त्याच्याकडे पाठ करून भाकरी खाल्ली तरी तो पाठीत दिसतो.

शेवटी मावशीकडे गेलो. चौकटीबाहेर उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं की माळ मी नेली, वहिनीचा काही संबंध नाही. मावशी शेंगा फोडत होती. तिने वर सुद्धा बघितलं नाही. म्हणाली, माझं कायबी गेलं न्हाई, कुठंतरी ठिवलं असंल मीच, तू जा. मी परत म्हणालो. तिनेही परत तेच, तेवढ्याच आवाजात. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा शेंगांचं सूप उचलून आत गेली.

गोरक्षला मळ्यात गाठलं. तो माझ्या बरोबरीचा, एका ताटात जेवलेलो आम्ही. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, आपल्या वस्तीवर चोरी झाली असं बोलू नगं, शिंगणापूरपातुर नाव जाईल. मग म्हणाला की तुझं खरं मानलं तर मी बायकूला काय केलं ते मला बघावं लागंल. आणि पाणी धरायला निघून गेला.

आई तर रोज सांगते की तू शुद्धीत नव्हतास, तुला तसं वाटतंय, झालं न्हाई तसलं काही. इतक्यांदा सांगते की परवा मला सुद्धा वाटायला लागलं, खरंच मी नेली का? हे फार वाईट असतं ताई. चोराला चोर म्हणून तरी उभं राहता यावं. इथं मला तेवढीही जागा नाही. सगळे माझ्याशी चांगलं बोलतात, चहा देतात, आणि कुणी एक खुर्चीचा पाय सुद्धा दुरुस्तीला देत नाही. रंधा काढून ठेवलाय, त्याला गंज धरतोय.

तुझ्यापासून लपवत नाही. मंगळवारी घोडेगावला जाऊन त्या दारूच्या दुकानासमोर बसलो होतो. घेतली नाही. पण घेणार नाही असं ठरवून उठलो असंही नाही. सोनईची जीप आली आणि ड्रायव्हरने हाक मारली म्हणून उठलो. पुढच्या वेळी जीप यायलाच पाहिजे असं काही नाही.

माझा राग कर, पण मला सोडू नकोस. एवढंच मागणं.

तुझा,
अंगद


॥ श्री ॥
कर्जत
६ ऑक्टोबर २०२४

चि. अंगद यास,
ताईचे खूप खूप आशीर्वाद.

ती जीप कुणाची ते मला कळव. त्या ड्रायव्हरला मी पुरणपोळी पाठवते. थट्टा करते आहे, पण पत्र परत परत काढून वाचते आहे. जुन्या गोष्टी गाडून टाक असं मीच तुला लिहिलं होतं. तू स्वतःलाच गाडायला निघालास.

मी राजेश्वरीकडे जाऊन आले. तीन वेळा गल्लीच्या तोंडापासून परत फिरले आणि चौथ्यांदा निकिता बरोबर आली म्हणून आत गेले. हो, निकिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, ज्या घरात मामाचं खरं चालणार नाही तिथं माझं तरी काय चालणार? आजकालची पोरं कुठून एवढं आणतात देव जाणे. मला त्या वयात पदर सावरता यायचा तेवढाच.

राजेश्वरी वाळली आहे. मशीनवर बसलेली होती, मला बघून उठली नाही, बस म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने मशीन थांबवली, आणि कितीतरी वेळ सुईतला दोरा काढत होती आणि घालत होती. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. पण ती म्हणाली की मला पन वाटाया लागलं हुतं, झोपंत मीच उचलली का काय. सगळी दुनिया म्हनती म्हनजे आसंल. एवढं म्हणाली आणि मीच रडले, अंगद. तिच्यासमोर रडायचा मला काही हक्क नव्हता, तरी रडले.

तू पाया पडायला आलास तर चालेल का, असं मी तुझ्या वतीने विचारलं. नको म्हणाली. तिला तुझी माफी नको, तुझं तोंडही बघायचं नाही. ती म्हणाली, जिथं मला चोर म्हनले तिथं त्यानं म्हनावं. शनिवारी तेल वाहून झाल्यावर वस्तीवरची सगळी माणसं लिंबाखाली पारावर बसतात ना, तिथंच तिला उभं केलं होतं म्हणे. हे मला आईने कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा आता माझं मागचं पत्र फाडून टाक. सुप्याच्या पाहुण्यांचं काय व्हायचं ते होईल. मला भीती वाटते, खूप वाटते, ते खोटं नाही सांगत. पण तू जा. पोटात दोन घास घालून जा, उपाशी उभा राहू नकोस. चक्कर आली तर लोक भलतंच म्हणतील.

माया होती तिथंच आहे, आता वर आली आहे.

तुझी,
पुष्पाताई


॥ श्री ॥
वस्तीवरून
२० ऑक्टोबर २०२४

ती. सौ. ताईस,
अंगदचा सा. न. वि. वि.

काल सांगितलं. तू म्हणालीस तसा दीड भाकरी खाऊन गेलो होतो.

मी उभा राहून बोलायला लागल्याबरोबर कारभारीतात्या पुढे आले आणि मला तोंड उघडायला लावलं. सगळ्यांसमोर वास घेतला. पोराचे दात बघतात तसं माझं तोंड धरून. मग मागे वळून म्हणाले, वास तर न्हाई येत. कुणीतरी हसलं. मी थांबलो, परत पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज नाही कापला, ते आपणहून सांगतो.

बायका पदर सावरून उठायला लागल्या. मावशी पुन्हा तेच म्हणाली की माझं कायबी गेलं न्हाई. तेव्हा मला जे बोलायचं नव्हतं ते बोललो. म्हणालो, मावशी, माळ देव्हाऱ्याच्या खणात नव्हती. खणामागे तुम्ही माझ्याकडून चोरकप्पा करून घेतला होता, सुनेला कळू नये म्हणून. पितळेची मूठ फिरवून वर उचलल्याशिवाय तो उघडत नाही. तो फक्त तुम्हाला ठाऊक आणि करणाऱ्याला ठाऊक. वहिनीने माळ काढली कशी?

ताई, मी हे बोललो आणि बोलता बोलताच मला ते समजलं. माळ गेली त्याच दिवशी मावशीला कळलं असणार. कप्पा रिकामा दिसला तेव्हाच. मी चोर आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी तिने सून जाऊ दिली. वस्तीवर चोरी झाली असं म्हणण्यापेक्षा सून वाईट निघाली हे म्हणणं सोपं होतं.

गोरक्षने तिला विचारलं की आई, कप्पा हाय का तसला? तिने तेलाची बाटली उचलली आणि घराकडे चालायला लागली. तो तसाच उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण शाळेत छडी खाल्ल्यावर उभा राहायचा तसा.

घरी आलो तर आई चुलीपुढे. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं की मला बी ठावं हुतं. तुझ्या खिशातनं सुटा मनी पडला हुता, हिरीत टाकला मी. मनातून इतका संतापलो होतो की पाय आपोआप घोडेगावकडे वळले. ओढ्यापर्यंत गेलो. तिथं बसलो आणि लक्षात आलं की आजवर मी लपवण्यासाठी प्यायचो, आणि आता कुणापासून काय लपवायचं? सगळ्यांनाच माहीत होतं. मी एकटाच तीन वर्षं चोरून चोर होतो. खूप रडलो आणि परत आलो. आईने भाकरी झाकून ठेवली होती, ती खाल्ली.

वहिनीला सांग. निकितासाठी जीव तुटतो. तिला म्हणावं, मामाला माफ करायची घाई नको.

तुझा लोभ माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे, तो तसाच राहावा.

तुझा,
अंगद


॥ श्री ॥
कर्जत
१७ नोव्हेंबर २०२४

चि. अंगद यास,
ताईचे आशीर्वाद.

भाऊबीजेला आला नाहीस. ओवाळणीचं ताट दिवसभर तसंच ठेवलं आणि संध्याकाळी दाजी म्हणाले, त्यातली करंजी तरी खाऊ दे मला. पुढच्या वर्षी असलं चालवून घेणार नाही. लोक काय म्हणतील म्हणून आला नाहीस हे मला कळतं. पण लोक म्हणायचं ते म्हणून मोकळे झाले. सुप्याच्या पाहुण्यांनी मोडलं. कारण सांगितलं नाही, पण कारण सांगायला लागतंच असं नाही. निकिता दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. माझा तुझ्यावर राग आहे. तो राहू दे, त्याची मला सोबत होते.

गोरक्ष येऊन गेला. राजेश्वरीच्या आईने सांगितलं. त्याला अंगणातच उभं ठेवलं. आत मशीन चालू ती चालूच. त्याने चल म्हटल्यावर तिने विचारलं की तुमच्या आई काय म्हनल्या? तो म्हणाला, आई काय बोलत न्हाई. मग त्या बोलल्यावर या, असं म्हणून तिने पाण्याचा तांब्या बाहेर पाठवला. पाणी पिऊन परत गेला बिचारा. बिचारा म्हणावं का नाही ते कळत नाही, पण लिहून गेले.

तू कसा आहेस ते खरं खरं लिही. बरा आहे असं एका ओळीत लिहिलंस तर मी तिथं येऊन धडकेन.

सदैव तुझीच,
पुष्पाताई


॥ श्री ॥
वस्तीवरून
८ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
अंगदचा सा. न. वि. वि.

बरा आहे असं एका ओळीत लिहीत नाही. बरा नाही. वस्तीवर माझ्याशी आता कुणी चांगलं बोलत नाही. मी चालत गेलो की चौकटीतला पडदा ओढला जातो. पूर्वीच्या गोड बोलण्यापेक्षा हे सोसायला सोपं आहे, तरी सोसावं लागतंच. निकिताचं कळल्यापासून तर आरशात बघवत नाही. तसल्याच एका दिवशी झुंबरमावशीचं बोलावणं आलं.

चौकटीच्या आतून म्हणाली की कुत्री लई झाल्यात, फळी करून दे. आपल्याकडे फळीला कुणाची ना नसते, कुत्र्यामांजरासाठी टेकवून ठेवतात काही जण. पण मावशीच्या घराला कधी फळी सुद्धा नव्हती, तिला त्याचा अभिमान होता. मी म्हणालो, दुसऱ्या कुणाकडून घ्या. ती म्हणाली, माप तुला ठावं हाय.

परसातलं लिंबाचं जुनं लाकूड काढलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा करवत धरली. पहिला काप वाकडा गेला, दुसराही. करवत फेकून दिली आणि ओट्यावर जाऊन बसलो. मला काही येत नाही, माझे हात गेले, हेच डोक्यात फिरत राहिलं. आई आली, फेकलेली करवत पुसून माझ्याजवळ ठेवून गेली. तिसरा काप बरा आला. मग रंधा लावला. वाकडं गेलेलं लाकूड टाकून नाही दिलं, त्याच्या मागच्या पट्ट्या केल्या. चांगली झाली आहे ताई फळी. हे लिहायला लाज वाटते, पण चांगली झाली आहे.

काल नेऊन दिली. मावशी आत उभी राहिली आणि मला म्हणाली, भायेरून बसव. बसवली. फट राहिली नाही. मग ती आतून म्हणाली, ढकलून बघ. मी दोन्ही तळवे लावून ढकललं. हलली नाही. गोरक्ष ओट्यावर होता, शेजारच्या बायका बाजरीचं वाळवण घालत होत्या.

आणि मग मावशी फळीच्या पलीकडून बोलायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने. म्हणाली की माळ अंगदनं नेली. मला त्याच दिशी कळलं हुतं. सुनेनं न्हाई नेली. तिला मी घालवली. वाळवण घालणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी राहिले. मावशीचं तोंड कुणालाच दिसत नव्हतं. उघड्या चौकटीत उभं राहून तिला ते या जन्मात बोलता आलं नसतं. माझे तळवे अजून फळीवरच होते, आणि ते कापत नव्हते.

गोरक्ष उठून फळीपाशी आला, पण त्याने ती काढली नाही. तिथंच खाली बसला.

आज आई म्हणाली की उरलेल्या लाकडात आपल्याबी चौकटीला एक करून टाक, लोक आत बघत जात्यात. मी नको म्हणालो. बघू दे.

राजेश्वरीवहिनीला तू स्वतः जाऊन सांग. मावशी जे बोलली ते वर लिहिलंय तसंच्या तसं सांग, माझं नाव पहिलं येतं तेही वगळू नकोस. फळी मध्ये होती हे सुद्धा सांग. यायचं का नाही ते तिचं ती ठरवेल. आली तर तिची पिशवी उतरवून घ्यायला मी पुढे होणार नाही. लांबूनच बघेन.

लोभ असू दे, आणि रागही असू दे. दोन्हीची मला गरज आहे.

तुझा,
अंगद